कॅमेरा सापडत नाही म्हणे!

"आम्हाला तुमचा कॅमेरा सापडला नाही. तो नीट जोडला आहे का, ते तपासा."

बाबांच्या लॅपटॉपवर विंडोजने दाखवलेला हा संदेश. जोडला आहे का? अरे, तो लॅपटॉपच्या झाकणात बसवलेला आहे! तुमच्याच लोकांनी, कारखान्यात, काचेच्या मागे. मी काय तो रोज रात्री काढून कपाटात ठेवते? गादीखाली शोधू? आणि वर तो आकडा : ०एक्सए००एफ४२४४. गरज पडली तर हा एरर कोड घ्या म्हणे. कोणाला गरज पडणार आहे? माझ्या आईला? त्या कोडचा अर्थ शोधला तर काय, कॅमेरा जोडलेला नाही. म्हणजे वर शब्दांत जे खोटं सांगितलं तेच खाली आकड्यांत पुन्हा सांगितलं.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. ज्यांच्या घरात पेन्शन येते त्यांना वेगळं सांगायला नको. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, मिरजेत राहतात, गुडघे गेलेत, आणि बँकेची शाखा पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बँकेने मोठ्या कौतुकाने मेसेज पाठवला की घरबसल्या व्हिडिओवर दाखला द्या, पॅनकार्ड तेवढं हाताशी ठेवा. दिवाळीला मी आलेच होते, म्हटलं करून टाकू. (मोबाईलवरून का नाही केलं, असं लगेच विचारू नका. त्यावर येते मी.)

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसले. आवाज जोडला गेला. पलीकडचा मुलगा सभ्य होता बिचारा.

"सर, तुम्ही दिसत नाही आहात."

"अहो, मी बोलतोय की!"

"बोलून चालत नाही सर. दिसायला पाहिजे."

पडद्यावर नुसता काळा चौकोन. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मी सांगते की त्यांना, जिवंत आहेत म्हणून! सकाळपासून तीनदा चहा झालाय यांचा." पण नियमात आईची साक्ष चालत नाही.

आता माझा राग नेमका कशावर आहे ते ऐका. कॅमेरा बिघडला, यावर नाही. वस्तू आहे, बिघडते. राग यावर आहे की कॅमेरा बिघडलेलाच नसतो! तो कोणीतरी बंद केलेला असतो, आणि ज्याने बंद केला तो तोंड उघडत नाही. एका दाराला पाच कुलपं, पाची किल्ल्या पाच भाडेकरूंच्या खिशात, आणि घंटा वाजवली की पाचही जण म्हणतात, "दार? कुठलं दार?"

पहिलं कुलूप ती कॅमेऱ्यावरची सरकती पट्टी. नखाएवढी, काळ्यावर काळी. काहींवर लाल ठिपका असतो, काहींवर तोही नाही. पट्टी लावलेली असेल तर कॅमेरा आत इमानाने चालू असतो, दिवासुद्धा लागतो आणि तो अंधाराचं चित्रण करत बसतो. दुसरं कुलूप कीबोर्डवर. कुठल्या कंपनीत एफ-८, कुठे एफ-१०, कुठे बाजूला वेगळंच बटण. पुष्कळ लॅपटॉपांत हे बटण दाबलं की कॅमेरा थेट डिव्हाइस मॅनेजरमधून, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीतूनच गायब होतो. मग माणूस ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम, शोधत फिरतो. ड्रायव्हर कसला शोधताय? बहुतेक सगळे वेबकॅम विंडोजच्या स्वतःच्याच यूएसबी व्हिडिओ ड्रायव्हरवर चालतात, तो आधीपासून आत असतो.

तिसरं कुलूप, आणि इथे माझं डोकं खरंच फिरलं, ते विंडोजच्या सेटिंगमध्ये. प्रायव्हसीत जा, कॅमेऱ्यात जा. सगळ्यात वर एक बटण : या संगणकावर कॅमेरा वापरू द्यायचा का. ते चालू. त्याखाली दुसरं : अ‍ॅप्सना वापरू द्यायचा का. तेही चालू. त्याखाली भली मोठी यादी, त्यात कॅल्क्युलेटरच्या जातीची कधी न उघडलेली अ‍ॅप्स, एकेकाला वेगळं बटण. पण ज्या ब्राउझरमधून बँक उघडायची आहे तो त्या यादीत नाहीच! तो 'डेस्कटॉप अ‍ॅप' म्हणे, त्याचं बटण यादी संपल्यावर पार तळाशी, आणि ते सगळ्या डेस्कटॉप अ‍ॅप्सना मिळून एकच. ही मांडणी कोणी केली? त्याने कधी स्वतःच्या वडिलांना ही स्क्रीन वापरायला बसवलंय का?

चौथं ब्राउझरचं. कधीतरी कुठल्यातरी साइटने कॅमेरा मागितला की घाबरून 'नको' म्हटलं जातं, आणि 'नको' म्हटलं की ब्राउझर त्या साइटसाठी पुन्हा विचारत नाही. पत्त्याशेजारच्या बारक्या चिन्हावर टिचकी मारून परवानगी परत द्यावी लागते. हे पाहिलं. ठीक होतं.

चारही कुलपं उघडी, चित्र काळंच.

मग कस्टमर केअर. "मॅम, लॅपटॉप रीस्टार्ट करा." केला. "मॅम, ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून परत टाका." टाकला. "मॅम, मग फॅक्टरी रीसेट करावं लागेल, तुमचा डेटा जाईल, ओके मॅम?" ओके? नातवाच्या बारशापासूनचे फोटो आहेत त्यात! बाजारातल्या दुकानात फोन केला तर तो गडी न बघताच म्हणाला, कॅमेरा मॉड्यूल गेलं, स्क्रीन उघडावी लागेल, ठेवून जा. यूट्यूबवरचा तो मुलगा तर आधी पाच मिनिटं स्वतःच्या चॅनेलबद्दल बोलला आणि मग म्हणाला, रीस्टार्ट करा.

पाचवा भाडेकरू निघाला अँटिव्हायरस. दरवर्षी पैसे मोजून घेतलेला. नूतनीकरण झाल्यावर त्याने आपणहून 'वेबकॅम संरक्षण' चालू केलं होतं आणि ब्राउझरला कॅमेरा द्यायचा नाही असं परस्पर ठरवून टाकलं होतं. कुठे सांगितलं? कुठेच नाही. चार मेनू खोल गेल्यावर एका नोंदीत बारीक अक्षरांत : अडवले. आणि हाच अँटिव्हायरस वर्गणी संपत आली की महिनाभर आधीपासून अर्धा पडदा व्यापून पिवळी पाटी नाचवतो, आवाज काढतो, बाबांचं सुडोकू बंद पाडतो. पैसे मागायला आवाज आहे, कॅमेरा मी धरलाय हे सांगायला नाही.

आणि विंडोजचा तो सुरुवातीचा संदेश पूर्ण वाचा. त्यात पुढे लिहिलंय : अँटिव्हायरस अडवत नाही ना, तेही पाहा. म्हणजे तुम्हाला संशय आहे! मग तुम्हीच विचारा की त्याला! दोघं एकाच मशीनमध्ये राहता. त्या काळ्या चौकोनावर एक ओळ लिहायला काय होतं : 'पट्टी लावलेली आहे', 'एफ-८ दाबलेलं आहे', 'अमुक प्रोग्रॅमने अडवलं आहे'. काही ठिकाणी संगणकाला खरंच कळत नसेल, मान्य. पण सेटिंगमधलं बटण बंद आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि त्यानेच अडवलंय हे अँटिव्हायरसलाही. तरी चौकोन काळाच.

ही खोड जुनी आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं अ‍ॅनिव्हर्सरी अपडेट सोडलं आणि जगभरातले ठणठणीत वेबकॅम गोठले. झालं असं : १०८०पी, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र सेकंदाला ३० फ्रेमने जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला जवळजवळ १०० कोटी बिट लागतात, आणि वेबकॅम ज्यावरून जोडतात त्या यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८ कोटी. म्हणून कॅमेरा ते आतच दाबून लहान करतो आणि एमजेपेग किंवा एच.२६४ अशा दाबलेल्या रूपात पाठवतो. एकाच वेळी अनेक अ‍ॅप्सना कॅमेरा वापरता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने मधे नवा कारभारी बसवला आणि अ‍ॅप्सना ही दाबलेली चित्रं देणंच थांबवलं. झालं, त्यांच्या स्वतःच्या स्काइपवरसुद्धा चेहरे गोठले. दुरुस्ती यायला काही आठवडे गेले. तोवर किती जणांनी चांगला कॅमेरा फेकून नवा घेतला असेल, देव जाणे.

असो. अँटिव्हायरस गप्प केला आणि बाबा दिसले! पुन्हा बँक जोडली. पलीकडून : "सर, पॅनकार्ड दाखवा." बाबांनी कार्ड पुढे धरलं. अक्षरं धूसर. आणखी जवळ धरलं, आणखी धूसर. लांब धरलं तर इतकं लहान की वाचता येईना. कारण लॅपटॉपच्या बहुतेक कॅमेऱ्यांना फोकस बदलताच येत नाही, तो हातभर लांबच्या चेहऱ्यासाठी कायमचा बसवलेला असतो. झाकण पातळ हवं म्हणून कॅमेरा डाळीएवढा, ७२०पी, म्हणजे धड एक मेगापिक्सेलही नाही. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठात संगणकवाल्यांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र, पण भांडं भरलंय की रिकामं ते जागेवरून कळायचं. आमच्याकडे इतक्या वर्षांनी एका माणसाचं हयात असणं दिसेना.

तर मोबाईल. हो, शेवटी माझाच मोबाईल डब्याला टेकवून काम झालं, चुटकीसरशी झालं, पॅनकार्डसुद्धा पहिल्या फटक्यात वाचलं गेलं. म्हणून राग कमी होत नाही, वाढतो! बाबांना मोठी स्क्रीन हवी, मोठी अक्षरं हवीत, हातात काही धरायला नको, म्हणून तर फोनच्या तिप्पट पैसे घालून लॅपटॉप घेतला. त्याचा कॅमेरा फोनच्या पासंगालाही न पुरणारा, आणि तोही पाच जणांच्या मर्जीवर चालणार.

तो अँटिव्हायरस मी काढून टाकलाय. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे, बाबांना तेवढा पुरे. काढताना त्याने विचारलं, का काढताय? किंमत जास्त वाटते का, संगणक मंद होतो का, दुसरा घेतलात का. कॅमेरा चोरून धरून ठेवला, असा पर्याय नव्हता. मग 'इतर'वर टिचकी मारून चौकट भरेपर्यंत जे लिहिलंय, ते आईसमोर वाचून दाखवता येणार नाही.