चाळिशीनंतर बायकांनी वजनं उचलू नयेत? मेसेज चुकीचा आहे

‘चाळिशी उलटलेल्या बायकांनी वजनं उचलू नयेत, हाडं मोडतात, रोज चालणं पुरे’ असा मेसेज फिरतो आहे. कृपया तो पुढे पाठवू नका. त्यापायी कितीतरी जणी नेमका गरजेचा व्यायाम सोडून देतात.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं संप्रेरक (हार्मोन) घटतं आणि हाडांची झीज वाढते. हाड टिकायला त्यावर भार यावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाची २०१८ची चाचणी बघा. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायकांचे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), स्क्वॅट (वजन घेऊन उठाबशा) असे जड व्यायाम केले. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली.

चालणं हृदयासाठी उत्तमच. पण त्याने दंड, खांदे, पाठ यांना फारसं काम मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते.

सुरुवात घरीच करा. हात न टेकता खुर्चीतून उठा, सावकाश बसा, असं आठ-दहा वेळा. सोपं वाटू लागलं की दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. वजन हळूहळू वाढवत न्यायचं, तिथेच थांबायचं नाही. जेवणात डाळ-उसळ, दही, चालत असल्यास अंडी हवीतच.

मणक्याचं फ्रॅक्चर झालं असेल, अंग बाहेर येत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.