गणपूर्ती आणि चित्रकला

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सकाळी १० वाजता असते. म्हणजे गणपूर्तीअभावी ती तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांसह पुन्हा सुरू होते. यंदा मोबाइल बंद ठेवण्याची विनंती करून सेक्रेटरींनी ताळेबंद वाचायला घेतला. रुपयांपुढचे पैसेही ते वाचून दाखवतात. लिफ्ट-दुरुस्तीपर्यंत मी मान डोलावली, टाकी-सफाईला जांभई दाबली, आणि सिंकिंग फंड येईतो हातातले पेन समोरच्या कागदावर आपसूक फिरू लागले.

आधी चौकोन आले. (शाळेत मला मोसंबेही चौकोनीच येत असे.) मग टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले, तर चक्क वारली बाई उभी राहिली! खरा वारली चौक लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. माझ्या चौकात अध्यक्ष बसले आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरावा तसे पार्किंग न मिळालेले सभासद त्यांच्याभोवती नाचू लागले.

सँडी मान आणि रिबेका कॅडमन या इंग्लंडमधील संशोधिकांनी माणसांना आधी डिरेक्टरीतले फोन नंबर उतरवायला लावले आणि मग दोन थर्माकोलच्या कपांचे उपयोग विचारले, तेव्हा कंटाळलेल्यांना अधिक उपयोग सुचले. नंबर नुसते वाचणाऱ्यांची कल्पकता तर त्याहूनही सरस ठरली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आमच्या सेक्रेटरींचा ताळेबंद ऐकवून केला असता, तर कपांची गरजच पडली नसती.

"अहो, हे हजेरीपत्रक आहे!" शेजारचे काका कुजबुजले. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन सह्यांचा तारपा झाला होता.

पुढच्या रविवारी मी नौपाड्यातून ड्रॉइंगचा कागद आणि रंग आणले, टेबल पुसले, पंखा लावला आणि उत्साहाने बसलो. तासाभरात एक चौकोन झाला. बायकोला विजेचे बिल मोठ्याने वाचायची विनंती केली, तर तिने गवार समोर ठेवून शेंगा मोडायला सांगितल्या.

महिन्याभरात गळतीसाठी विशेष सभा लागली. हजेरीपत्रक माझ्या हाती देऊ नये, असा ठराव सर्वप्रथम मांडला गेला आणि एकमताने मंजूर झाला. हात मीही वर केला. डावा, कारण उजवा तोवर कामाला लागला होता.