मोतीला शिरा घालू नका
आमचा मोती जेमतेम ७ किलोंचा, आई-बापाच्या जातीचा पत्ता नसलेला कुत्रा आहे. मात्र सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत त्याच्या आहारावर हक्क सांगणारे निदान दहा जण आहेत. बेदाणे आणि मनुका यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे मी हात जोडून सांगितले, तरीही सत्यनारायणाच्या शिऱ्याचा गोळा, त्यात रुतलेल्या टपोऱ्या बेदाण्यांसह, काल पुन्हा जिन्याखाली त्याच्या पुढ्यात पडलाच. विचारले, तर ‘प्रसाद कधी कुणाला बाधतो का?’ असे उत्तर मिळाले, आणि वर ‘तुम्ही त्याला उपाशी ठेवता’ हा शेराही. (भूक त्याला जेवून उठल्यावरही असते.) रात्री ११ वाजता त्याला काखोटीला मारून डॉक्टरांकडे मीच धावलो, शिरा घालणाऱ्या काकू तेव्हा गाढ झोपल्या होत्या.