भेरूघाटात ब्रेक लागेनात, तर डिस्क बदलण्याआधी हे तपासा

‘मॉडिफाय केलेल्या गाडीचे ब्रेक घाटात लागेनासे झाले, तर भोकांच्या डिस्क आणि स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) टाका. ब्रेक ऑइल काळं पडेपर्यंत बदलू नका. तोवर पेडल पंप करा.’ इंदूरच्या आपल्या मराठी गाडीवाल्यांत हा मेसेज सारखा फिरतोय. पाऊस पडला की अर्धं शहर खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटातून चोरलला निघतं, म्हणून लिहितोय.

आधी ऑइलचं, कारण तिथेच मी फसलो होतो. रीमॅप केलेली (इंजिनाची ताकद सॉफ्टवेअरने वाढवलेली) गाडी, सतरा इंची अलॉय, भोकांच्या नव्या डिस्क आणि होज. भेरूघाटातल्या तिसऱ्या वळणावर पेडल भुसभुशीत होऊन पार तळाला गेलं. दुसरा गिअर आणि हँडब्रेकवर कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल आपोआप पुन्हा कडक! ऑइल उकळून त्यात वाफ धरल्याची खूण हीच. डब्यात ते मधासारखं स्वच्छ दिसत होतं, पण तीन वर्षं जुनं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी रंगावरून कळत नाही. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाची हमी १५५ वर येते. डॉट ५.१ ची २६० आणि १८०. मी फक्त ऑइल बदललं, दर दोन वर्षांनी बदलतो. त्याच डिस्कवर, त्याच घाटात पुन्हा तसं झालेलं नाही.

पेडल कडक, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो? मग दोष पॅडचा, म्हणजे डिस्कला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचा. तापमान झेपणारे पॅड घ्या आणि ते बसवून घ्या: मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरापर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण न थांबता, मग गार होऊ द्या. एकाच चाकाजवळ जास्त धग लागत असेल तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्या असतील. ग्रीस लावून मोकळ्या करा. धग तपासताना तापलेल्या डिस्कला मात्र हात लावू नका.

भोकांच्या डिस्क? भोकांमुळे धातू कमी होतो, म्हणजे उष्णता साठवायची जागाच घटते, आणि भोकांच्या कडेला तडे जातात. उष्णता नेतात ती व्हेंटिलेटेड (आतून पोकळ) डिस्कच्या आतली पाती. मोठी, जाड डिस्क खरंच उपयोगी, पण मागच्या ब्रेकशी तोल सांभाळून.

होजने पेडलचा स्पर्श सुधारतो, ऑइलचं उकळणं थांबत नाही.

पंप केल्याने ऑइल उकळलेलं असताना थोडा दाब मिळतो, तापलेल्या पॅडला काहीच फायदा नाही. ८० ऐवजी १०० च्या वेगावरून थांबताना ब्रेकना दीडपटीहून जास्त ऊर्जा गिळावी लागते. म्हणून वेग मुळातच आवरायला, घाटाआधीचं सिमरोल गाव सोडलं की, उतार लागायच्या आधीच दुसरा-तिसरा गिअर टाका.