माहीमचा पूल आणि आमचा ढोरवाडा

परवा मुंबईत एका हेरिटेज वॉकला गेलो होतो, माहीम कॉजवेवर, म्हणजे माहीम आणि वांद्रे जोडणाऱ्या भरावाच्या पुलावर. माहिती सांगणारा मुलगा चांगला होता, अभ्यास करून आलेला. अवाबाई जमशेटजींची, म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीची गोष्ट त्याने फार मनापासून सांगितली. पूर्वी माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये नुसती खाडी, सगळी ये-जा होडीतून, पावसाळ्यात होड्या उलटून माणसं जायची, आणि कंपनी सरकार पुलासाठी पैसा काढेना. तेव्हा या बाईंनी दीड लाखाच्या वर रक्कम स्वतःची दिली आणि अट घातली की इथून जाणाऱ्या माणसाकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये रस्ता सुरू झाला. ऐकताना मला खरंच भरून आलं. समोर सी लिंक दिसतोय, २००९ चा, तिथे टोल, आणि इथे पावणेदोनशे वर्षं होऊन गेली तरी कोणी आपल्याला अडवत नाही. लेडी जमशेटजी रोड हे नाव आपण रोज घेतो ते यांचंच.

मग त्याने खाडीच्या आतल्या बाजूला, धारावीकडे हात केला आणि म्हणाला, "तिकडे पूर्वी टॅनरीज होत्या, भयंकर वास यायचा, आता गेल्या." एवढंच. आणि सगळे पुढे निघाले.

माझे आजोबा, आम्ही आबा म्हणायचो, कातडं कमावण्याच्या त्या कारखान्यांत, त्याच वासात तीस वर्षं राबले. म्हणून हे लिहितोय.

पुलाची गोष्ट सांगताना खाडीची गोष्ट कोणी सांगतच नाही. एका बाजूला सायनचा कॉजवे, तो १८०५ च्या सुमाराचा, दुसऱ्या बाजूला हा माहीमचा. दोन्हीकडून भराव पडला, पाण्याची ये-जा कमी झाली आणि मधली खाडी हळूहळू गाळाने भरत गेली. धारावी तेव्हा कोळीवाडा होता, १९०९ च्या गॅझेटियरमध्ये मुंबईतल्या सहा मोठ्या कोळीवाड्यांत तिचं नाव आहे. पण पाणीच आटलं तर मासळी कुठून येणार? कोळ्यांचं पोट गेलं आणि चिखलाची नवी जमीन वर आली. शहराला त्याच वेळी आपल्याला नको असलेले धंदे लांब ढकलायचे होते, त्यांना ही जागा मिळाली. वांद्र्याला कत्तलखाना होताच, कच्चं कातडं हाताशी, पाणी हाताशी, वस्ती लांब. धारावीतली पहिली टॅनरी १८८७ ची सांगतात, तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ मुसलमानांनी काढलेली. मग आमची माणसं आली, सोलापूरकडची, कातडं कमावणारी ढोर समाजाची. म्हणजे ज्या पुलाचं आपण कौतुक करतो त्याच पुलाने केलेल्या चिखलावर आमचा ढोरवाडा उभा राहिला. ही एकच गोष्ट आहे हो, अर्धी सांगून कसं चालेल?

आणि ते काम म्हणजे काय, हे तरी किती जणांना माहीत आहे? कातडं यायचं ते मीठ लावलेलं, कडक. आधी पाण्यात भिजवून मीठ-रक्त काढायचं, मग चुन्याच्या हौदात काही दिवस, म्हणजे केस सैल होतात. मग ते बाहेर काढून एका बाजूने केस आणि दुसऱ्या बाजूने मांस खरवडायचं, ओलं कातडं काय वजनदार असतं ते उचलल्याशिवाय कळत नाही. हात जरा जड पडला की भोक, हलका पडला तर मांस राहतं आणि ते सडतं. नंतर चुना धुवून काढायचा आणि बाभळीची साल, तरवड, हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे ठेवायचं, आधी पातळ पाण्यात, मग कडक पाण्यात. क्रोमची रसायनं आल्यावर तेच काम एक-दोन दिवसांत व्हायला लागलं पण आबांना सालीचंच चामडं खरं वाटायचं. तुकडा दुमडून कानाशी धरायचे आणि म्हणायचे, "ऐक, हे बोलतंय." नखं तपकिरी झालेली होती, काम सुटल्यावरही कित्येक वर्षं तो रंग गेला नाही. आजी जेवायला वाढताना त्यांच्या हातांकडे बघायची ते मला अजून आठवतं.

घाण होती, नाही म्हणत नाही. चुन्याचं पाणी, केस, क्रोम, सगळं खाडीतच जायचं आणि ते थांबायलाच हवं होतं. १९७१ ला कत्तलखाना देवनारला गेला, पुढे कमावण्याचं कामही धारावीतून गेलं, आता तिथल्या दुकानांत जे चामडं शिवतात ते तयार होऊन बाहेरून येतं, चेन्नईकडून, कानपूरकडून. पण या खाडीला मिळणारी मिठी नदी साफ झाली का? २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने शहर बुडवलं, तेव्हाही दोषाचं बोट सगळ्यात आधी काठावरच्या गरिबांकडेच वळलं. नदीच्या तोंडावर भराव घालून मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या त्याबद्दल आवाज बराच हळू होता. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण वाटत नाही. ज्यांच्या चामड्याचे बूट, पट्टे, पाकिटं सगळ्या शहराने वापरली त्यांच्यासाठी इतिहासात फक्त "वास यायचा" एवढं वाक्य?

आता धारावीचा पुनर्विकास चाललाय. मॉडेलमध्ये टॉवर आहेत, गार्डन आहे. माझी मागणी एवढीच आहे की कुठेतरी एक जुना हौद राखा, त्याच्या शेजारी हे काम कसं व्हायचं ते लिहा, कोणी केलं त्यांच्या समाजाचं नाव लिहा, तमिळ असोत की आमचे. म्हातारी माणसं आहेत अजून, ती आहेत तोवर विचारून घ्या.

ढोरवाड्याकडे संत कक्कय्या मार्ग आहे. कक्कय्या बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे संत, कातडं कमावणारे. त्या मुलाने पुढच्या वेळी वॉक पुलावर न संपवता तिथपर्यंत आणावा. आबांची रापी, चामड्याच्या कामाचं हत्यार, माझ्याकडे आहे, मूठ झिजून त्यांच्या अंगठ्याएवढा खळगा पडलाय तिला, मी ती घेऊन कोपऱ्यावर उभा राहीन.