अनुदान नेमकं कुणाच्या खात्यात पडतं? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

शाळाप्रवेशाचे दिवस आले की एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरतो. आशय असा: सरकार खासगी शाळांना कोट्यवधींचं अनुदान देतं, ते संस्थाचालकांच्या खिशात जातं, शिक्षकांचा सगळा पगार सरकार भरतं, मुलांना पुस्तकं, गणवेश, जेवण सगळं फुकट मिळतं, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के मुलांची फीही सरकारच देतं, तरी या शाळा पालकांकडून लाखभर रुपये उकळतात, अल्पसंख्याक शाळांना तर अनुदानही मिळतं आणि २५ टक्क्यांतून सूटही, म्हणून अनुदान बंद करा आणि पैसे थेट पालकांच्या खात्यात टाका.

यातलं एक विधान जवळपास खरं आहे. बाकीच्यांत दोन-तीन वेगवेगळ्या योजनांची खिचडी झाली आहे. महाराष्ट्रापुरतं एकेक पाहू.

‘सरकार खासगी शाळांना अनुदान देतं’

कुठल्या खासगी शाळांना? महाराष्ट्रात खासगी व्यवस्थापनाच्या शाळा ढोबळमानाने चार प्रकारच्या. पूर्ण अनुदानित, अंशतः अनुदानित (बोलीत ‘टप्प्यावरच्या’), विनाअनुदानित आणि २०१२ च्या कायद्याखाली आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित. गावोगावच्या मराठी माध्यमाच्या जुन्या हायस्कुलांपैकी बहुसंख्य पहिल्या प्रकारात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काढलेल्या रयत शिक्षण संस्थेचा पसाराही बराचसा याच पायावर उभा आहे. सरकारने सगळ्या शाळा स्वतः काढायच्या नाहीत, लोकांनी काढलेल्या शाळांना मदत करायची, ही रीत थेट १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची.

मेसेजसोबतच्या फोटोत मात्र असते ती काचेच्या इमारतीची, पिवळ्या बसची इंग्रजी माध्यमाची शाळा. ती जवळपास नेहमी स्वयंअर्थसहाय्यित किंवा विनाअनुदानित असते, आणि तिला वेतन अनुदानाचा एक रुपयाही मिळत नाही. आपली शाळा कुठल्या प्रकारात बसते हे पाहायचं असेल तर तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, घ्या (महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो) आणि त्यावरून व्यवस्थापनाचा प्रकार पाहा. एकाच आवारात एकाच संस्थेचं अनुदानित मराठी हायस्कूल आणि विनाअनुदानित इंग्रजी शाळा अशी जोडी सर्रास आढळते. फाटक एकच असतं, पण कागदोपत्री त्या दोन वेगळ्या शाळा असतात.

‘अनुदान संस्थाचालकांच्या खिशात जातं’

वेतन अनुदानाचा रस्ता असा. दरवर्षीच्या पटावरून संचमान्यता निघते, म्हणजे या शाळेत इतकी पदं मंजूर. त्या पदावर नेमलेल्या माणसाला शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता लागते. मग विभागीय उपसंचालक स्तरावरून शालार्थ (सरकारची ऑनलाइन पगार प्रणाली) आयडी मिळतो. त्यानंतर मुख्याध्यापक दरमहा शालार्थ प्रणालीत बिल भरतो, ते वेतन पथकाकडे जातं, तिथून कोषागारात, आणि रक्कम शिक्षकाच्या बँक खात्यात. संस्थेचं खातं या वाटेवर येतच नाही.

संस्थेच्या हातात येतं ते वेतनेतर अनुदान. वीज, खडू, दुरुस्ती, प्रयोगशाळा यांसाठीची ही रक्कम वेतनाच्या मानाने किरकोळ असते आणि वर्षानुवर्षं रखडते.

मग खाबुगिरी होत नाही का? होते, पण मेसेज दाखवतो तिथे नाही. ती होते पद निर्माण करताना आणि पद भरताना. पद हवं तर पट हवा, म्हणून बोगस मुलं दाखवली जातात. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत अशी नावं लाखोंनी सापडली होती. पद मिळालं की ते ‘विकायचं’. देणगीच्या नावाखाली उमेदवाराकडून पैसे घेण्याचा प्रकार शिक्षणक्षेत्रात कुणालाच नवा नाही. शिक्षक भरतीचं सरकारी ‘पवित्र’ पोर्टल आलं ते याला आळा घालायला, तरी मुलाखतीसह भरतीचा पर्याय संस्थांकडे राहिलाच. आणि तिसरी फट शालार्थ आयडीची. २०२५ मध्ये नागपूर विभागात उघड झालेल्या प्रकरणात बनावट मान्यतांवर आयडी काढून पगार उचलल्याचं समोर आलं आणि शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. म्हणजे जिथे सरकारी सही लागते, नेमकी तिथेच गळती. ‘संस्थाचालक खातात’ एवढंच म्हटलं की सही करणारे आपोआप सुटतात.

चोख शाळेलाही याच यंत्रणेचा जाच होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ असं कोष्टक आहे. राज्याच्या संचमान्यतेचे निकष त्यावर बेतलेले, पण शासन निर्णयागणिक थोडे बदलणारे. पट आधारशी जुळवूनच धरला जातो. शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘श्रुती’ आणि आधारवर ‘श्रृती’, किंवा जन्मतारखेत महिन्याचा फरक, एवढ्यावर मूल ‘अवैध’ ठरतं. पाचही वर्गांत मिळून ६१ मुलं बसलेली, मोजणीत ६०, तर तिसरा शिक्षक अतिरिक्त. मग समायोजन, म्हणजे त्या शिक्षकाची दुसऱ्या शाळेत रवानगी, कधी कधी तालुक्याबाहेरही. म्हणूनच पटाच्या तारखेआधी मुख्याध्यापक आधार केंद्राच्या रांगेत उभे दिसतात.

‘शिक्षकांचा सगळा पगार सरकार देतं’

पूर्ण अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षकाच्या बाबतीत हे बरोबर. पण तोही आधी तीन वर्षं शिक्षण सेवक असतो. १ जानेवारी २०२३ पासून त्याचं मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. त्याआधी ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं, आणि त्यावर बीएड झालेली माणसं राबत होती.

टप्प्यावरच्या शाळांची गोष्ट वेगळीच. २००१ नंतर नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणूनच परवानगी मिळू लागली. म्हणजे अनुदान कधीच मागायचं नाही. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला. २०११ मध्ये मूल्यांकनाचे निकष आणि २०-२० टक्क्यांचे टप्पे ठरले. प्रत्यक्षात पहिले २० टक्के आले २०१६ मध्ये, पुढचा टप्पा २०१९ ला, त्यापुढचा २०२३ ला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक टप्पा जाहीर झाला, पण निधी नाही म्हणून जुलै २०२५ मध्ये शिक्षक आझाद मैदानावर बसले.

२० टक्के म्हणजे हातात किती? माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये. त्याचे २० टक्के ७,७२०. महागाई भत्त्याचा तेवढाच वाटा वर धरा. उरलेले ८० टक्के संस्थेने द्यायचे, असं कागद सांगतो. बहुतेक ठिकाणी संस्था ते देत नाही, आणि शिक्षक पुढच्या टप्प्याच्या आशेने मागत नाही. मधल्या काळात क्लास घेणं, शेती बघणं, मिळेल ते काम करणं चालू. ‘सगळा पगार सरकार देतं’ हे वाक्य या शिक्षकांसमोर म्हणून पाहावं.

‘मुलांना पुस्तकं, गणवेश, जेवण, सगळं फुकट’

अनुदानित शाळेत पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तकं मोफत. पोषण आहारही आहे: पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. मोफत गणवेश मात्र सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरता. विनाअनुदानित शाळेत यातलं काहीच नाही. अनुदानित शाळा ‘संगणक फी’ किंवा ‘विकास निधी’ मागत असेल तर पावती मागा. पावती देताना ते सक्तीचं आहे की ऐच्छिक, हे आपोआप कळतं.

‘२५ टक्के मुलांची फी सरकार भरतं’

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित शाळेला प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्याव्या लागतात. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये. परतावा किती, ते कलम १२(२) सांगतं: सरकारचा स्वतःच्या शाळांतला दरडोई खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातली जी रक्कम कमी असेल ती. महाराष्ट्रात हा आकडा अनेक वर्षं १७,६७० रुपये राहिला. करोनाच्या वर्षी, २०२०-२१ ला, तो ८,००० वर आणला गेला.

परतावा १७,६७० धरला आणि फी ६०,००० असलेल्या शाळेत अशी २० मुलं असतील तर प्रत्येकामागे ४२,३३० रुपयांचा फरक पडतो, एकूण ८,४६,६०० रुपये. तो सरकार देत नाही. शाळेची शिल्लक किंवा बाकीच्या पालकांची फी, यातूनच तो निघतो. उलट फी १२,००० असलेल्या शाळेला १२,०००च मिळतात. शाळेला जमीन किंवा इमारत सवलतीत मिळाली असेल आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याची अट असेल, तर तेवढ्या मुलांचा परतावाही मिळत नाही. जे मिळायचं तेही वेळेवर येत नाही; उशिराबद्दल संस्थाचालक ओरडतात ते खोटं नाही. पण ‘परतावा थकला’ म्हणून आरटीईच्या मुलाला वर्गाबाहेर बसवायचा किंवा त्याच्याकडे फी मागायचा अधिकार शाळेला कुठलाही नियम देत नाही. थकबाकी शाळा आणि सरकार यांच्यातली आहे. असं झालं तर तोंडी भांडत बसू नका. लेखी मागणी घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्याकडे किंवा महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे पोच घेऊन अर्ज द्या. कॅपिटेशन फी (प्रवेशासाठीची देणगी) घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावली तर पहिल्यांदा २५,००० आणि त्यापुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत.

पालक सगळ्यात जास्त फसतात ते दोन गोष्टींत. बसचा खर्च यात धरलेला नाही. आणि कायदा आठवीपर्यंतच आहे. नववीत तीच शाळा पूर्ण फी मागू शकते. पहिलीला लॉटरी लागल्याच्या आनंदात ही गोष्ट कुणी सांगत नाही.

‘सरकार आनंदाने भरतं’ हाही गैरसमज. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून मोकळं केलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला.

‘अल्पसंख्याक शाळांना अनुदानही आणि सूटही’

हे खरं आहे. अनुदान देताना अल्पसंख्याक संस्थेशी भेदभाव करायचा नाही, असं राज्यघटनेचं कलम ३०(२) सांगतं. आणि २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुदानित-विनाअनुदानित, सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी या निकालाबद्दल शंका नोंदवून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं आहे. त्याच निकालात सेवेतल्या शिक्षकांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सक्तीची झाली, आणि चर्चा सगळी तिचीच झाली.

अनुदानावरून भांडण माध्यमाचंही होतं. गोव्यात १९९० च्या सुमारास प्राथमिक अनुदान मराठी-कोकणीपुरतं ठेवण्याचं धोरण आलं, २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुलं झालं, आणि त्यावरून तिथलं राजकारण कित्येक वर्षं तापलेलं राहिलं.

‘पैसे पालकांच्या खात्यात टाका’

ऐकायला सोपं वाटतं, म्हणून हिशेबच मांडू. २० मुलांची वाडीवरची शाळा घ्या. मुलामागे १७,६७० प्रमाणे वर्षाचे ३,५३,४०० रुपये होतात. प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन महिना २९,२००, म्हणजे वर्षाला ३,५०,४००. एका शिक्षकाच्या नुसत्या मूळ वेतनानंतर उरले ३,००० रुपये. महागाई भत्ता, घरभाडे, निवृत्तिवेतनाचा सरकारी हिस्सा अजून धरलेला नाही, आणि कायद्याने तिथे किमान २ शिक्षक लागतात. हीच रक्कम शहरातल्या ४० मुलांच्या एका वर्गाला ७,०६,८०० होते, आणि तिथला शिक्षक करारावर निम्म्याहून कमी पगारात मिळतो. पैसा मुलामागे गेला की तो जिथे मुलं दाटीने आहेत तिकडे जातो. वाडीवरच्या पालकाच्या खात्यात रक्कम आली तरी ती भरायला दुसरी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर हवी ना?

व्हाउचरवाल्यांचा, म्हणजे पैसे शाळेऐवजी पालकांना द्या म्हणणाऱ्यांचा, एक मुद्दा मान्य करावा लागेल: आजच्या पद्धतीत शाळा कशी शिकवते याचा अनुदानाशी काही संबंध उरलेला नाही. पट आणि कागद जुळले की पगार निघतो. ते बदलायचं असेल तर माहिती मागण्यापासून सुरुवात करता येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी कार्यालयात (माध्यमिक) १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या. शाळेचं नाव आणि यू-डायस क्रमांक लिहून तीन कागद मागा: गेल्या तीन वर्षांच्या संचमान्यता, वैयक्तिक मान्यता दिलेल्या कर्मचाऱ्यांची तारखेनिहाय यादी, आणि एका महिन्याच्या वेतन बिलावरची पदनिहाय संख्या. ‘सर्व कागदपत्रं द्या’ असं लिहू नका, अर्ज तिथेच लटकतो. उत्तराची मुदत ३० दिवस. तिन्ही कागदांतली शिक्षकांची संख्या शेजारी शेजारी मांडा. बिलावरचं नाव मान्यतेच्या यादीत नसेल, किंवा मान्यतेची तारीख अशा वर्षातली असेल जेव्हा संचमान्यतेत ते पदच नव्हतं, तर पुढची तक्रार विभागीय उपसंचालकांकडे, या कागदांच्या प्रती जोडून.