लागोसमधील लोटांगण

आहेर यजमानाने पाहुण्याला करावा की पाहुण्याने यजमानाला, हा आपल्याकडचा जुना वाद नायजेरियातील योरुबा लोकांनी कायमचा मिटवला आहे. लग्नघराने ठरवलेले ‘आशो एबी’चे, म्हणजे सगळ्यांनी एकसारखे घालायचे, कापड पाहुण्याने पैसे मोजून घ्यायचे आणि शिलाईही स्वतःच भरायची. लागोसमधील माझ्या सहकाऱ्याच्या लग्नासाठी मी त्या कापडाचा अगबाडा, म्हणजे पायघोळ झगा, शिवून घेतला. त्याच्या बाह्या इतक्या ऐसपैस की घसरल्या की पुन्हा खांद्यावर चढवाव्या लागत. आजूबाजूचे बुजुर्ग ते राजेशाही थाटात करत होते आणि मी मुंजीतल्या बटूसारखा वस्त्र सावरत उभा होतो.

मागच्या रांगेत बसून सोहळा पाहावा, हा माझा साधा बेत होता. परंतु नवरदेव मुलीच्या आईवडिलांपुढे मित्रांसह जमिनीवर पालथा पडतो आणि मी मित्रांत मोडत होतो. देवळात साष्टांग नमस्कार घालण्याचा मला सराव आहे. मात्र तो नीट जमला नाही म्हणून देव दंड मागत नाही. इथे तो अधिकार वधूपक्षाच्या ‘अलागा इजोको’ या सूत्रधार बाईंकडे होता. ध्वनिक्षेपक हाती घेतलेल्या त्या बाई आमच्या रांगेतून फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि या ‘ओयिन्बो’चे, म्हणजे परदेशी माणसाचे, पोट अजून जमिनीला टेकलेले नाही, असे त्यांनी भर मांडवात जाहीर केले. पोट टेकलेलेच होते. वर उरले होते तेही पोटच होते. नवरदेवाच्या भावाने नोटा देऊन तंटा मिटवला, आम्ही उठलो आणि आता वराच्या घरच्यांपुढे हेच करायचे आहे, असे कळले.

पुढे काखेत बोलका ढोल घेतलेला वादक माझ्यासमोर ठाण मांडून उभा राहिला. दोऱ्या आवळून आणि सैल सोडून हा ढोल योरुबा बोलीचे चढउतार हुबेहूब काढतो. तो माझ्या पूर्वजांची स्तुती करत आहे, असे शेजाऱ्यांनी सांगितले. हयातीत त्यांपैकी कोणाच्या वाट्याला ती आल्याचे ऐकिवात नसल्यामुळे मी पाकीट उघडले. नाचणाऱ्या वधूवरांवर नोटा उधळणे हा तर २००७ च्या मध्यवर्ती बँक कायद्यानुसार गुन्हा आहे. किमान ६ महिने कैद किंवा ५०,००० नायरा दंड, किंवा दोन्हीही. तो गुन्हा मांडवातील समस्त प्रतिष्ठित मंडळी एकदिलाने करत होती, आणि उधळायला सुट्या कोऱ्या नोटा विकणारा माणूस दाराशीच उभा होता.

जेवताना वधूच्या मावशींनी माझ्या लग्नाची चौकशी केली आणि सासऱ्यांपुढे मी किती वेळ पालथा पडलो होतो, असे विचारले. आमच्याकडे सासरेच जावयाचे पाय धुतात, हे मी जरा मोठ्यानेच सांगितले. मावशींनी चटकन मागे वळून नवरदेव ऐकत नाही ना, याची खात्री केली आणि माझ्या ताटात जोलोफ भाताचा भलामोठा डाव वाढला.